दोन खुणांची नोंद : संगणकीय कोष्टकातून अचूक माहितीचा शोध

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शासकीय कार्यालयात, शाळेत अथवा ग्रामपंचायतीत नागरिक जे प्रश्न घेऊन येतात, त्यांपैकी बहुतेकांचे उत्तर कोणत्या ना कोणत्या नोंदवहीत आधीच लिहून ठेवलेले असते. घरपट्टी किती बाकी आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत पाल्याचे नाव आले काय, अर्ज कोणत्या क्रमांकाने पुढे पाठविला गेला, हे सारे कागदोपत्री असतेच. तथापि नोंद असणे ही एक गोष्ट आणि ती वेळेवर सापडणे ही दुसरी. सापडलेली नोंद नेमकी विचारणाऱ्याचीच असणे ही तिसरी गोष्ट होय, आणि प्रशासनाचा विश्वास खऱ्या अर्थाने या तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो. आज नोंदवह्यांची जागा बऱ्याच अंशी संगणकावरील स्प्रेडशीटने घेतली आहे. शोध क्षणार्धात लागतो. परंतु चुकीची नोंदही तितक्याच क्षणार्धात आणि तितक्याच आत्मविश्वासाने समोर येते. ती का येते आणि ती टाळण्यासाठी दोन अटींचा शोध कसा घ्यावा, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

एका खुणेने भागत नाही

एकाच नावाच्या दोन गोष्टी ओळखण्याची अडचण महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ सिंहगडाच्या वाटेवर वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे. बुद्रुक म्हणजे मोठे व खुर्द म्हणजे धाकटे. त्याच जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरीही आहे. नुसते 'वडगाव' म्हटल्याने पत्र पोहोचत नाही, हे जाणूनच लोकांनी गावाच्या नावाला दुसरी खूण जोडली. दोन अटींचा शोध म्हणतात तो मुळात हाच.

महसुली दप्तराची घडणही अशीच आहे. सातबाराचा उतारा मागताना नुसता गट क्रमांक सांगून चालत नाही. कारण गट क्रमांकांची मोजणी प्रत्येक गावात नव्याने सुरू होते. १२५ क्रमांकाचा गट एकाच तालुक्यातील कितीतरी गावांत असू शकतो. गाव आणि गट क्रमांक मिळूनच जमिनीचा तुकडा निश्चित होतो. कार्यालयातील जावक क्रमांक दर वर्षी १ पासून सुरू होतो, म्हणून पत्राचा संदर्भ देताना क्रमांकाबरोबर दिनांकही लिहिण्याचा प्रघात आहे. शाळेत हजेरी क्रमांक १४ चा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतो. त्यास ओळखावयाचे तर इयत्ता व तुकडी सांगावीच लागते. पावतीचा क्रमांक पावती पुस्तकाच्या क्रमांकावाचून अपुरा असतो. दप्तर सांभाळणाऱ्या जुन्याजाणत्या कारकुनास हे कोणी शिकवावे लागत नसे. वही उघडतानाच तो गाव व साल पाहून ती उघडत असे. म्हणजे पहिली अट वहीच्या पुठ्ठ्यावर असे आणि दुसरी आतील पानावर.

संगणकावर आल्यावर मात्र अनेक गावांच्या, अनेक वर्षांच्या वह्या एकाच लांबलचक कोष्टकात येऊन बसल्या. पुठ्ठा नाहीसा झाला आणि त्यावरची पहिली अट विस्मरणात गेली. बहुसंख्य चुकांचे मूळ येथे आहे.

कोष्टकांचे दोन प्रकार

दोन खुणांनी शोधण्याची कोष्टके दोन प्रकारची असतात. त्यांतील भेद प्रथम लक्षात घेतला पाहिजे.

पहिला प्रकार आडव्या-उभ्या कोष्टकाचा. जुन्या पिढीतील शिक्षकांना लॉगॅरिथमची कोष्टके आठवत असतील. डाव्या बाजूच्या रकान्यात संख्येचे पहिले दोन अंक पाहावयाचे, माथ्यावरील ओळीत तिसरा अंक पाहावयाचा आणि जेथे दोहोंची गाठ पडेल तेथील आकडा घ्यावयाचा. येथे एक खूण डाव्या कडेला व दुसरी माथ्यावर असते.

दुसरा प्रकार यादीचा. ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही, म्हणजे नमुना ९, हे त्याचे उत्तम उदाहरण. येथे प्रत्येक ओळ म्हणजे एक मालमत्ता, आणि तिच्या सर्व खुणा त्याच ओळीत निरनिराळ्या रकान्यांत लिहिलेल्या असतात. दोन्ही खुणा ज्या एकाच ओळीत जुळतील ती ओळ शोधावयाची असते. कार्यालयीन कामात हाच प्रकार वारंवार भेटतो व चुकाही यातच अधिक होतात. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यासंबंधी आहे.

संगणकावरील कोष्टकाचा इतिहास फार जुना नाही. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेली 'व्हिसिकॅल्क' ही प्रणाली १९७९ मध्ये बाजारात आली. १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. नावे बदलली, सोयी वाढल्या. परंतु उभे रकाने, आडव्या ओळी आणि त्यांच्या छेदातील घरे ही मांडणी जुन्या खातेवहीचीच राहिली. रकान्यांना ए, बी, सी अशी रोमन अक्षरे असतात आणि ओळींना क्रमांक असतात. पुढे दिलेली सूत्रे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत लिहावयाची असतात.

पहिली दिसेल ती खरी?

एक उदाहरण कल्पावे. एका गट ग्रामपंचायतीत दोन वाड्या आहेत, वरची वाडी व खालची वाडी. प्रत्येक वाडीत मालमत्ता क्रमांक १ पासून सुरू होतात. दोन्ही वाड्यांच्या मिळून ३०० मालमत्ता एकाच स्प्रेडशीटमध्ये, ओळ २ ते ओळ ३०१ मध्ये लिहिल्या आहेत. बी रकान्यात वाडी, सी रकान्यात मालमत्ता क्रमांक, डी रकान्यात कराची मागणी आणि ई रकान्यात बाकी आहे. ए रकाना तूर्त मोकळा आहे. वरच्या वाडीतील मालमत्ता क्रमांक ७ ची बाकी ८५० रुपये आहे. खालच्या वाडीतील मालमत्ता क्रमांक ७ च्या मालकाने सर्व कर भरला असून त्याची बाकी ० आहे.

सर्वांच्या परिचयाचे सूत्र 'व्हीलूकअप' हे आहे. ते दिलेल्या कोष्टकाच्या पहिल्या रकान्यात वरून खाली पाहत जाते आणि विचारलेला आकडा जेथे प्रथम भेटेल तेथेच थांबते. वरच्या वाडीच्या ओळी आधी असल्यामुळे '७' विचारताच ते ८५० रुपये सांगते. खालच्या वाडीच्या मालकाविषयी विचारले तरीही ८५०च सांगते. कारण वाडी कोणती, हे त्याला कोणी विचारलेलेच नाही. पडद्यावर चुकीची सूचना येत नाही, लाल खूण उमटत नाही. उत्तर खरे आहे, मात्र ते दुसऱ्याच घराचे आहे.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. व्हीलूकअपमधील चौथा घटक लिहिला नाही, तर ते सूत्र 'अंदाजे जुळणारे' उत्तर चालेल असे गृहीत धरते. कराच्या टप्प्यांचे दर पाहताना असा अंदाज उपयोगी पडतो. मालमत्तेचा वा व्यक्तीचा शोध घेताना तो घातक ठरतो. अशा वेळी तेथे ० लिहून तंतोतंत जुळणीचाच आग्रह धरला पाहिजे.

या चुकीची किंमत काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्याने कर वेळेवर भरला त्याच्या दारी थकबाकीचे देयक जाते, आणि ज्याच्याकडे बाकी आहे तो निर्धास्त राहतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये सदस्यांच्या अपात्रतेची जी कारणे दिली आहेत, त्यांत पंचायतीचा कर थकविणे हेही आहे. कराची मागणी होऊन देयक रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर न भरणाऱ्यास ते लागू होते. म्हणजे कोष्टकातील एक ओळ चुकली तर तिचे पडसाद घराच्या उंबरठ्यापासून सभागृहातील आसनापर्यंत उमटू शकतात. शिष्यवृत्तीची वा नुकसानभरपाईची यादी असेल, तर एका गरजू कुटुंबाचे हक्काचे पैसे दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतात. चूक संगणकाची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः प्रश्नच अर्धा विचारलेला असतो.

पहिला मार्ग : जोडखूण

दोन अटींचा शोध घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन खुणा जोडून एक खूण तयार करणे. मोकळ्या ठेवलेल्या ए रकान्यात, ओळ २ मध्ये पुढील सूत्र लिहावे व ते खालपर्यंत उतरवावे :

=बी२&"-"&सी२

यामुळे 'वरची वाडी-७' व 'खालची वाडी-७' अशा दोन स्वतंत्र खुणा तयार होतात. आता जी वाडी हवी ती एच१ या घरात आणि मालमत्ता क्रमांक एच२ या घरात लिहावा. बाकी पुढील सूत्राने मिळते :

=व्हीलूकअप(एच१&"-"&एच२, ए२:ई३०१, ५, ०)

खालची वाडी व ७ असे लिहिताच उत्तर ० येते. मधली रेघ अनावश्यक वाटेल, परंतु ती वगळू नये. वाडीच्या नावाऐवजी प्रभाग क्रमांक असेल तर तिचे महत्त्व तत्काळ ध्यानात येते. प्रभाग १ मधील घर १२ आणि प्रभाग ११ मधील घर २ यांचे अंक नुसते जोडले, तर दोन्ही ठिकाणी ११२ हीच खूण तयार होते आणि जी चूक टाळावयाची तीच नव्या रूपाने परत येते. मध्ये रेघ असली म्हणजे एक '१-१२' व दुसरी '११-२' अशी स्पष्टपणे वेगळी राहते.

हेच सूत्र अनेक ओळींत उतरवावयाचे झाल्यास कोष्टकाचा पत्ता डॉलर चिन्हाने बांधून ठेवावा. तसे न केल्यास सूत्र एक ओळ खाली गेले की शोधाची कक्षाही एक ओळ खाली सरकते, आणि वरच्या नोंदी एकामागून एक शोधाबाहेर पडतात.

जोडखुणेचा मोठा गुण असा की ती डोळ्यांना दिसते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला अथवा नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला शोध कशाच्या आधारे घेतला, हे विचारावे लागत नाही.

दुसरा मार्ग : अटींचा गुणाकार

नवा रकाना घालण्याची मुभा नसेल, तर दुसरा मार्ग आहे. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ च्या आपल्या ग्रंथात तर्काची मांडणी १ व ० या दोन मूल्यांच्या आधारे केली. खरे म्हणजे १, खोटे म्हणजे ०. दोन विधानांचा गुणाकार केला, तर दोन्ही खरी असतील तेव्हाच उत्तर १ येते. एक जरी खोटे असले तरी ० येते. दोन अटींच्या शोधाचे दुसरे सूत्र याच तत्त्वावर उभे आहे :

=इंडेक्स(ई२:ई३०१, मॅच(१, (बी२:बी३०१=एच१)*(सी२:सी३०१=एच२), ०))

प्रत्येक ओळीस दोन प्रश्न विचारले जातात : वाडी हीच काय, आणि क्रमांक हाच काय? दोन्हींस होकार मिळेल त्या ओळीत गुणाकार १ होतो. 'मॅच' त्या १ चे स्थान सांगते आणि 'इंडेक्स' त्या स्थानावरील बाकी आणून देते. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत हे सूत्र लिहिल्यावर कंट्रोल, शिफ्ट व एंटर या तीन कळा एकत्र दाबाव्या लागतात; नव्या आवृत्त्यांत नुसते एंटर पुरते. ज्यांच्याकडे २०१९ मध्ये जाहीर झालेले 'एक्सलूकअप' उपलब्ध आहे, त्यांना तोच गुणाकार त्यात थोडक्यात लिहिता येतो :

=एक्सलूकअप(१, (बी२:बी३०१=एच१)*(सी२:सी३०१=एच२), ई२:ई३०१)

तिसरी अट हवी असल्यास, उदाहरणार्थ आर्थिक वर्ष, आणखी एक कंस गुणावा. आडव्या-उभ्या कोष्टकासाठी 'इंडेक्स'मध्ये दोन 'मॅच' वापरावे. एक ओळ शोधते, दुसरे रकाना शोधते. लॉगॅरिथमच्या कोष्टकात बोट व नजर जे काम करीत, तेच हे दोघे करतात.

बेरजेचा मोह आणि शून्याचा अर्थ

अनेक ठिकाणी शोधासाठी 'सम-इफ्स' हे सूत्र वापरले जाते. २००७ च्या एक्सेलपासून ते उपलब्ध आहे व लिहावयास सुलभ आहे. दिलेल्या सर्व अटी पुऱ्या करणाऱ्या ओळींतील रकमांची ते बेरीज करते. वाडीनिहाय एकूण बाकी काढावयाची असेल तर त्यासारखे साधन नाही. परंतु एका मालमत्तेची बाकी शोधताना त्याचे दोन दोष लक्षात ठेवावेत.

एक असा की, तीच नोंद चुकून दोनदा लिहिली गेली असेल तर सम-इफ्स दोन्ही रकमा मिळवून दुप्पट बाकी दाखवते. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. नोंद मुळात नसेलच, तर ते ० सांगते. आता बाकी ० असणे आणि नोंदच नसणे यांत महदंतर आहे. पहिल्यात कर भरणारा प्रामाणिक नागरिक आहे. दुसऱ्यात आकारणीतून सुटलेले घर आहे. दोघांसमोर एकच शून्य उमटले, तर त्या शून्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही.

याउलट पहिल्या दोन मार्गांत नोंद न सापडल्यास 'उपलब्ध नाही' अशा अर्थाची खूण येते. ती पाहून अनेकजण अस्वस्थ होतात आणि 'इफ-एरर' हे सूत्र लावून तिच्या जागी ० किंवा कोरी जागा दाखवतात. ही सजावट महाग पडते. न सापडलेली नोंद 'न सापडलेली' म्हणूनच दिसली पाहिजे. तेथे 'नोंद आढळत नाही, मूळ वही पाहावी' असा शेरा उमटविणे अधिक उचित होय.

आधी मोजणी, मग शोध

यावरून एक साधा नियम निघतो. शोध घेण्यापूर्वी जुळणाऱ्या नोंदी मोजाव्यात. त्यासाठी 'काउंट-इफ्स' हे सूत्र आहे :

=काउंट-इफ्स(बी२:बी३०१, एच१, सी२:सी३०१, एच२)

उत्तर १ आले तर शोध निर्धास्तपणे घ्यावा. ० आले तर नोंद नाही अथवा खुणा चुकीच्या लिहिल्या आहेत. २ किंवा अधिक आले तर दोन खुणाही पुरेशा नाहीत. तिसरी खूण शोधावी, अथवा दुबार नोंद असल्यास मूळ वहीशी ताडून ती दुरुस्त करावी. शोधसूत्र दुबार नोंदींपैकी पहिलीच दाखवून मोकळे होते, हे विसरू नये. सर्व जुळणाऱ्या ओळी एकत्र पाहावयाच्या असल्यास नव्या आवृत्त्यांतील 'फिल्टर' हे सूत्र उपयोगी पडते.

एकच नाव, अनेक रूपे

सूत्र बिनचूक असूनही नोंद सापडत नाही, असा अनुभव मराठीत काम करणाऱ्यांना वारंवार येतो. माणसाच्या डोळ्यांना 'पिंपळगाव' आणि 'पिंपळगांव' हे एकच गाव वाटते. संगणकाला एका अनुस्वाराने ती दोन गावे होतात. 'शिरूर' व 'शिरुर' यांचेही तसेच. नावापुढे अनवधानाने सुटलेली मोकळी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. ती काढण्यास 'ट्रिम' हे सूत्र बहुतेक वेळा पुरते. जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत लिहिलेला मजकूर छापल्यावर हुबेहूब सारखा दिसला, तरी संगणकाच्या लेखी तो निराळाच असतो.

अंकांची गोष्टही अशीच. ७ हा आकडा एका ठिकाणी संख्या म्हणून व दुसऱ्या ठिकाणी मजकूर म्हणून लिहिलेला असेल, तर गुणाकाराच्या सूत्राला ते जुळलेले वाटत नाहीत. काउंट-इफ्स मात्र दोन्ही एकच मानते. म्हणून मोजणी १ सांगते आणि शोध 'उपलब्ध नाही' म्हणतो, अशी विसंगती दिसताच प्रथम संख्या व मजकूर यांतील हा भेद तपासावा.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे नावाऐवजी संकेतांकाचा वापर. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक मिळाला आहे. प्रत्येक शाळेस अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे. नाव वाचण्यासाठी असावे, शोध संकेतांकाने घ्यावा. जेथे संकेतांक नाही, तेथे वाड्यांची वा प्रभागांची नावे एकदाच ठरवून यादीतून निवडण्याची सोय कोष्टकातच करून ठेवावी. प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे शुद्धलेखन करू नये.

कोणी काय करावे

या विषयातील सूत्रे प्रत्येकाने पाठ केलीच पाहिजेत असे नाही. पंचायत सदस्यांनी थकबाकीची यादी सभेपुढे आली म्हणजे एवढेच विचारावे की, ही बाकी कोणकोणत्या खुणांवरून शोधली, आणि दुबार नोंदींची मोजणी झाली काय? शिक्षकांनी निकालपत्रक अथवा शिष्यवृत्तीची यादी करताना इयत्ता, तुकडी व हजेरी क्रमांक या तिन्ही खुणा एकत्र धराव्यात; नुसत्या नावावर विसंबू नये, कारण एकाच वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असणे मुळीच दुर्मीळ नाही. अधिकाऱ्यांनी देयके व नोटिसा रवाना होण्यापूर्वी यादीच्या आरंभीच्या, मधल्या व अखेरच्या काही नोंदी मूळ नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. पहिल्या दहा ओळी बरोबर आल्या म्हणून समाधान मानू नये. 'पहिली दिसेल ती' या चुकीत आरंभीच्या ओळी नेहमीच बरोबर येतात, चूक खालच्या वाडीत होते.

पावती जपून ठेवणारा नागरिक कार्यालयात येऊन आपली बाजू सिद्ध करू शकतो. ज्याची पावती पावसात भिजली, जो मजुरीसाठी परगावी गेला, ज्याला देयकावरील अक्षर वाचता येत नाही, त्याची बाजू फक्त नोंदच मांडते. ती नोंद त्याच्याच घराची आहे याची खात्री करून घेणे, ही तिच्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे. त्यासाठी एक रकाना अधिक लिहावा लागला आणि एक अट अधिक विचारावी लागली, तर तेवढे श्रम अवश्य घ्यावेत.